दातात धरलेला डिसमिस

सूड घ्यायला माणसाला काय काय लागतं, मला ठाऊक नाही. मला फक्त गप्प उभं राहावं लागलं, साधारण वीस मिनिटं. एरवी मी गप्प राहणाऱ्यातली नाही, जव्हारला आमच्या आळीत कोणालाही विचारा.

ज्यांच्यावर तो घेतला त्यांना मी इथे नुसतं सर म्हणणार आहे. नाव लिहिणार नाही. यात मोठेपणा बिठेपणा काही नाही. त्यांनी माझ्या वडिलांचं नाव कुठे लिहिलं नाही, मी त्यांचं लिहीत नाही, फिट्टंफाट.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जव्हारला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या पंपाची मोटार जळली की आतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निश द्यायचं, वाळवायचं, असं ते काम. आमच्या घरात दिवाळीच्या फराळालासुद्धा वार्निशचा वास येतो असं आई म्हणते, आणि ते खोटं नाही. उन्हाळा लागला की मोखाड्याकडून जीपच्या टपावर बांधून मोटारी येतात. कारण बहुतेक वेळा एकच. गावाची विहीर डोंगराखाली, टाकी वर. पंप चालवणारा बटण दाबून घरी जातो. विहीर तळाला लागते, पंपात पाण्याऐवजी हवा शिरते आणि मोटार कोरडीच फिरत राहते. आधी पाणी अडवणारं सील जळतं, मग दांडा अडकतो, मग आतलं वाइंडिंग जातं. मोटार वाचवायला स्टार्टरमध्ये एक रिले असते, पण कमी व्होल्टेजला ती सारखी पडून मोटार थांबवते म्हणून लोकांनी ती तारेने बांधून टाकलेली असते. मोटार दुरुस्त होऊन परत जागेवर बसेपर्यंत गावातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जातात.

अण्णांना मोटारीचं दुखणं आवाजावरून कळायचं. आमच्याकडे स्क्रूड्रायव्हरला डिसमिस म्हणतात. लांब डिसमिसचं टोक चालू मोटारीच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग एक बोट वर झालं तर 'पाणी ओढतेय', दोन झाली तर 'हवा खातेय', तीन झाली तर 'बेरिंग जायला लागलंय'. तोंडाने सांगायची पद्धत नव्हती, कारण मोटारीपाशी बोललेलं ऐकूच येत नाही. लहानपणी मीही डिसमिस कानाला लावून बघितला. मला नुसती घूंऽऽ ऐकू आली. तसं सांगितलं तर अण्णा म्हणाले, "आवाज ऐकत बसू नकोस. काय बदललं ते बघ."

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गेले. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत घरी आले, तर अण्णांनी मूठ कानाला लावली नाही, दातात धरली. लाल प्लास्टिकच्या मुठीवर दातांचे खोल वण पडले होते. म्हणजे हे आजचं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "दातातून चांगलं कळतं." मग दोन दिवस मी त्यांच्याशी पाठीमागून बोलून पाहिलं. एकदाही वळले नाहीत. कान गेले होते, आणि हाडातून जेवढं पोचतं तेवढ्यावर दुकान चाललं होतं. आईला पत्ता नव्हता, गिऱ्हाइकांना तर नाहीच. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते वेळ मारून नेत होते.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. हाडातून येतंय तेही बंद व्हायच्या आत अण्णांचा कान कशात तरी उतरवून ठेवायचा.

कॉलेजात आम्हाला न्यूरल नेटवर्क हा विषय होता. नाव भारी आहे, आत बसलेत गुणाकार आणि बेरीज. काही आकडे आत येतात. प्रत्येकाची किंमत सारखी नसते. एखाद्याचं म्हणणं जास्त धरायचं, एखाद्याचं कमी, एखाद्याचं उलटं. त्या मानाने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, आणि बेरीज हद्दीबाहेर गेली की पुढच्याला हाक द्यायची. कोणाचं किती धरायचं या आकड्यांना वजनं म्हणतात. ती आधी कोणालाच माहीत नसतात. उदाहरणं दाखवत जायची, उत्तर चुकलं की वजनं थोडी हलवायची, परत दाखवायची. फक्त खरं उत्तर काय ते सांगणारा कोणीतरी जाणता लागतो. वर्गातली बाकीची मुलं इंटरनेटवरून कुत्र्या-मांजरांचे फोटो उतरवत होती. माझ्याकडे अण्णा होते.

प्रोजेक्टला मार्गदर्शक म्हणून सर मिळाले. ते म्हणाले, "लॅपटॉपवर कर आणि क्लाउडवर टाक." मी म्हटलं, सर, मोखाड्याच्या पुढे कित्येक पाड्यांवर फोन लावायला लोक टेकडीवर चढतात. "मग चांगली चिप घे." चिप घेतली असती, पण पहिली वीज कडाडली की ती जाणार आणि जव्हारला तिला हात लावणारा कोणी नाही. मला आमच्या दुकानातल्या सोल्डरने दुरुस्त होईल अशी वस्तू हवी होती.

मग विचार केला, वजन म्हणजे शेवटी काय, तर कुठल्या तारेतून किती प्रवाह पुढे सोडायचा ते. हे काम तर रेझिस्टन्स करतोच. दोन पायांचा तो चिमुकला भाग, अंगावर किंमत सांगणारे रंगीत पट्टे. किंमत मोठी असली की प्रवाह कमी, वजन कमी. किंमत लहान असली की वजन जास्त. बेरजेला तर काहीच लागत नाही, तारा एका ठिकाणी जोडल्या की प्रवाह आपोआप मिळतात. ज्याचं उलटं धरायचं ती तार उलटवणाऱ्या आयसीतून न्यायची. एका खेळण्यातल्या बझरची पितळी चकती काढून मोटारीच्या अंगावर चिकटवली, तो झाला कान. तिचा आवाज जाड घुमण्यापासून बारीक किरकिरीपर्यंत सहा भागांत गाळून घेतला. सहा आत, मधे चार, शेवटी तीन. चोवीस आणि बारा, असे छत्तीस रेझिस्टन्स. शेवटी हिरवा, लाल आणि पिवळा दिवा, म्हणजे अण्णांची एक, दोन आणि तीन बोटं. लाल लागला की मोटार बंद. हे सगळं एका पेटीत बसवलं.

करंट मोजणारी रिले बाजारात मिळते की, असं पुढे मला बऱ्याच शहाण्यांनी ऐकवलं. मिळते. आमच्याकडचं व्होल्टेज बघून ती चांगल्या मोटारीलाच बंद पाडते.

रेझिस्टन्स नवे मागवायचे होते, पण अण्णांचा स्वभाव आड आला. घरात असताना बाहेरून कशाला? दुकानात एक खणांचं कपाट आहे, जुन्या रेडिओ-टीव्हींतून उपसून काढलेल्या मालाचं. त्या जुन्या कार्बनच्या रेझिस्टन्सांची एक खोड असते. वर्षानुवर्षं आमच्या दमट हवेत पडून त्यांची किंमत वाढत जाते. पट्टे सांगतात दहा हजार, मीटर दाखवतो साडेतेरा. अण्णा म्हणत, "पट्टा म्हणजे जन्मदाखला. आज माणूस कसा आहे ते मीटरला विचार." म्हणून मी पट्ट्यांकडे बघितलंच नाही. एकेक रेझिस्टन्स मीटरला लावून, हवी ती खरी किंमत सापडेपर्यंत खण उपसून, छत्तीस जमवले.

मग दुकानामागच्या पडवीत आम्ही बाप-लेक महिनाभर एका पंपाशी बसलो. मी मधेच पाणी तोडायची, बेरिंगमध्ये वाळू टाकायची, नवी-जुनी मोटार बदलायची. अण्णा डिसमिस दातात धरून बोटं वर करायचे. मी वहीत लिहायची, आणि दिवा बोटांशी जुळला नाही की रेझिस्टन्स बदलायची. अण्णांनी दोन बोटं दाखवली की दोन. "नक्की ना?" असं मी कधी विचारलं नाही आणि मी वहीत काय लिहिलं ते त्यांनी कधी तपासलं नाही. शेवटच्या तीन बेरजांवर तीन प्रीसेट होते, डिसमिसने केसभर फिरवायचे बारके स्क्रू. ज्या दिवशी पेटी आणि अण्णा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही वेगळं बोलले नाहीत, त्या दिवशी त्यांनी आईची लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि तिन्ही प्रीसेटवर एकेक थेंब टाकला. आमच्या धंद्यातला हा रिवाज आहे. पॉलिशचा थेंब म्हणजे काम बसलं, आता कोणी हात लावायचा नाही.

ती पेटी आम्ही खोडाळ्याच्या पुढच्या एका गावात लावली, कारण तिथली मोटार दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायची. तिथे पंप चालवायचं काम एका मावशींकडे होतं. पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. त्या उन्हाळ्यात मोटार आली नाही. मी बघायला गेले तर मावशी म्हणाल्या, "लाल बत्ती पेटली का मी समजून जातां, इहिरीत पानी नाय. तुझा बापूस पेटीत बसलाय आसाच वाटते." हे मी घरी येऊन अण्णांच्या तोंडासमोर उभी राहून सांगितलं. ते दिवसभर कारण नसताना हसत होते.

आता सर. पावसाळ्यात विहीर तुडुंब असते, पेटीला काम नसतं. तेव्हा सरांनी प्रदर्शनात मांडायला म्हणून ती महिनाभर मागितली. मी नेऊन दिली. देताना म्हटलं, "सर, यातल्या किमती पट्ट्यांवरून..." त्यांनी हात वर केला. "कलर कोड मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून शिकवतोय मी." मी बरं म्हटलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं.

पेटी परत आली तेव्हा तिन्ही प्रीसेटवरचं लाल पॉलिश खरवडलेलं होतं. अण्णांनी भिंग लावून बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले. आम्ही परत जुळवून, परत थेंब टाकून पेटी मावशींकडे पोचवली. मला वाटलं कुतूहल म्हणून उघडली असेल. मी कॉलेजातून बाहेर पडले होते तरी मूर्खपणा अजून पास झाला नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडाला मोबाइलवर एक निमंत्रण फिरत आलं. पंपाच्या मोटारी वाचवणारं कृत्रिम मेंदूचं यंत्र, संशोधक म्हणून एकटे सर, पेटंटसाठी अर्ज केलेला, मोखाडा तालुक्यात प्रात्यक्षिक. फोटोत चकचकीत पांढरी पेटी, तिच्यावर हिरवा, लाल आणि पिवळा दिवा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच फणा काढून बसलेला असतो.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते चहात बिस्कीट बुडवत होते. मी भांडायला गेले नव्हते. माझं नाव नको, वडिलांचं तरी कुठेतरी लिहा, एवढंच म्हणायला गेले होते. त्यांचा सगळा कान आहे त्यात. सरांनी बिस्कीट संपवलं, बोटं पुसली आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुझे वडील म्हणजे डेटा. डेटाला नाव नसतं."

त्यांच्या टेबलावर नवीन बोर्ड उघडं पडलं होतं. नवे कोरे छत्तीस रेझिस्टन्स. पट्टे हुबेहूब आमच्यासारखे. जिथे आमचा तपकिरी, काळा, केशरी, तिथे त्यांचाही तपकिरी, काळा, केशरी. फक्त आमचा तो म्हाताऱ्याचा जन्मदाखला होता आणि त्यांचा खरोखर आज जन्मलेल्याचा. प्रीसेट तर काढूनच टाकले होते, त्यांच्या जागी ठरावीक किमतीचे भाग. मी बघितलं आणि ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. माझा आणि सरांचा छत्तीसचा आकडा तिथे, त्या टेबलावर पडला.

घरी येऊन मी कागदावर सगळं मांडून पाहिलं. लाल दिव्याला दाबून धरणारी उलटी वजनं नेमकी सगळ्यात जुन्या, सगळ्यात वाढलेल्या रेझिस्टन्सांतून येत होती. ते नवे लावले की उलट्या वजनांना जोर चढणार. म्हणजे लाल लागणारच नाही. मोटारीने पाणी ओढलं तरी हिरवा, हवा खाल्ली तरी हिरवा. सरांनी प्रयोगशाळेत चालू मोटारीवर बघितलं असणार, हिरवा लागला असणार, टाळ्या झाल्या असणार. मोटार मुद्दाम कोरडी चालवून बघायला पोटात काळजी असावी लागते, त्यांच्या पोटात बिस्कीट होतं. मी कागद घडी करून कपाटाच्या खणात ठेवला. वर अण्णांची जुनी मीटरची पेटी ठेवली. मला आनंद झाला होता. इतका की आईने विचारलं, काय गं, कुठून स्थळ बिळ आलं का?

प्रात्यक्षिक कुठे, तर मावशींच्याच गावात. आमच्या पेटीमुळे तिथे तारा आधीच ओढलेल्या होत्या ना. मावशींनी टेकडीवर चढून मला फोन केला. "बाय, तुझी पेटी काढतात. नवी लावतान. काढू दिऊ का?"

इथे मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं, नवी पेटी खोटं बोलते, एवढंच.

"काढू द्या मावशी," मी म्हटलं.

मे महिना होता. मी मोखाड्याहून जीपने गेले. विहिरीशी कापडी मांडव, खुर्च्या, दोन साहेब, चार पाहुणे, गावातली माणसं आणि बाजूला हंडे घेऊन बायका. आज साहेबांमुळे पाणी लवकर सुटणार म्हणून त्या आल्या होत्या. सरांनी उन्हात कोट घातला होता. मी पंपाच्या खोलीत शिरले आणि स्टार्टरच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. जागा निवडूनच घेतली होती. तिथून पेटीचे दिवे दिसत होते आणि सरांचा चेहराही. स्टार्टरचं मोटार बंद करायचं लाल बटण माझ्या कोपरापासून हातभर होतं.

मावशींनी मोटार चालू केली. हिरवा दिवा लागला. सर बोलू लागले. मानवी मेंदू, कृत्रिम पेशी, ग्रामीण भागाचं भविष्य. त्यांचं बोलणं चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. बोलता बोलता विहीर तळाला आली.

मोटारीचा सूर बदलला. मला डिसमिस लागला नाही. घूं तीच होती, पण तिच्यातला भार निघून गेला, वर एक बारीक खडखड आली. काय बदललं ते बघ. मी बघितलं. पेटीकडेही बघितलं. हिरवा.

मावशी दारात होत्या. त्या पुढे झाल्या. "सायेब, मोटार हवा खाते."

सरांनी हसून पेटीकडे बोट केलं. "मावशी, यंत्र काय सांगतंय ते बघा. हिरवा म्हणजे पाणी आहे. आता आपण कानावर जायचं नाही, विज्ञानावर जायचं." पाहुणे हसले. मावशी हसल्या नाहीत. साहेबांसमोर त्यांना स्वतः बटणाला हात घालता येईना. त्या माझ्याकडे वळल्या. बघत राहिल्या, ही मिस्त्रींची पोर आहे, हिला कळतं, ही आता काहीतरी करील अशा विश्वासाने. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकात एक अडकवले.

सरांचं भाषण लांबत गेलं आणि मी मनातल्या मनात सील जळताना बघत होते. खडखड वाढली, मग दांडा धरला, मग ती जाड, रडकी, अडकलेली घूं, जी आमच्या दुकानात लहान मूलसुद्धा ओळखेल. आणि मग वास. जळक्या वार्निशचा, आमच्या घराचा वास. धूर पंपाच्या खोलीतून मांडवात गेला, पाहुणे उठले, एका साहेबांनी नाकाला रुमाल लावला. हिरवा दिवा तसाच लागलेला. कोणीतरी धावत येऊन मेन स्विच पाडला तेव्हा कुठे तो विझला.

सर म्हणाले, "व्होल्टेज. इथलं व्होल्टेज खराब आहे." नाचता येईना, अंगण वाकडं. याच क्षणाची वाट मी बघत होते. मी बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सर, कलर कोड नीट वाचलात ना?"

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. चेहरा कसा उतरत जातो, कपाळापासून हनुवटीपर्यंत, ते मी पायरी पायरीने बघितलं. मग साहेबांना मी सगळं सांगितलं. ही पेटी कोणाची नक्कल आहे, मूळची कुठे बनली, पट्टे बघून का बनत नाही आणि तिच्यात कोणाचा कान आहे. अण्णांचं पूर्ण नाव मी तीन वेळा घेतलं, वडिलांसकट, आडनावासकट. एका साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं. सर मांडवाच्या खांबाला हात लावून उभे होते. पुढे त्यांचं ते यंत्र कुठे दिसलं नाही, आणि कॉलेजात त्यांच्या मागे मुलं काय म्हणतात ते मला कळत असतं. तो उतरलेला चेहरा मी आजही अधूनमधून काढून बघते, ठेवणीतलं लुगडं उन्हाला काढतात तसा. मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही.

दुसऱ्या दिवशी जीप दुकानासमोर थांबली. टपावर मोटार बांधलेली. सोबत दोन गडी आणि मावशी. मावशी रात्री झोपल्या नसाव्यात. त्यांच्या पदराखाली चुंबळ तशीच होती, डोक्यावर हंडा घेताना ठेवतात ती. पहाटे झऱ्यावर एक खेप करून त्या निघाल्या होत्या.

गड्यांनी मोटार उतरवली. अण्णा तिच्याशी वाकले, वास घेतला. मावशी त्यांच्या पाठीमागून म्हणाल्या, "मिस्तरी, तुमची पोर बटनाला खेटून उभी व्हती."

अण्णांना ऐकू गेलं नाही. ते वळले नाहीत.

मावशींना वाटलं त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग त्या मोठ्याने बोलल्या, इतक्या मोठ्याने की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. "तुमची पोर बटनाला खेटून उभी व्हती! मोटार रडत व्हती ना ही नुसती उभी! मना वाटला ही दाबील. हिना हात मागं घेतला!"

ती ओरड चालू असतानाच अण्णांनी मान वळवली. आधी मावशींच्या ओठांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मावशी निघून गेल्या, पाणी प्यायलासुद्धा थांबल्या नाहीत.

बराच वेळ अण्णा मोटारीचे नट सैल करत राहिले. मग विचारलं, "तुला ऐकू आलं होतं?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आलं होतं." सरांनी काय केलं, काय म्हटलं, डेटाला नाव नसतं हे वाक्य, सगळं मी सांगितलं. ओठ नीट हलवून, त्यांना कळेल असं. साहेबांनी तुमचं नाव लिहून घेतलं हेही सांगितलं. ते बघत होते, म्हणजे त्यांना कळत होतं. शेवटी म्हणाले, "बायका किती आहेत गं त्या गावात?" मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी मोटार माझ्यासमोर सरकवली. "वाइंडिंग तू कर."

मी केलं. कोळसा झालेली तार उपसली, खाचा खरवडल्या, वेटोळी बांधली, एकेक खाच भरली. बोटांची सालं निघाली. अण्णा शेजारी बसून दुसरं काम करत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. चौथ्या दिवशी वार्निश वाळलं, सील आणि बेरिंग बसवलं, आणि पडवीतल्या टाकीवर मोटार चढवली. बटण अण्णांनी दाबलं.

मोटार घुमायला लागली. मला वाटलं नेहमीसारखे ते डिसमिस दातात धरतील. त्यांनी तो पुसला आणि माझ्या हातात दिला. त्यांच्या दातांचे वण असलेली लाल मूठ मी पहिल्यांदाच दातात धरली, टोक मोटारीवर टेकवलं आणि डोळे मिटले. कानाने कधी आलं नव्हतं तेवढं सगळं हाडातून आत आलं. भार, पाणी, बेरिंगचं गोल, गुळगुळीत फिरणं. काही बदलत नव्हतं. मी डोळे उघडले आणि एक बोट वर केलं.

अण्णांनी बोटाकडे बघितलंच नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मोटारीच्या आवाजात त्यांचा आवाज मला ऐकू आला नाही, ओठांवरून कळलं.

"खरं सांगतेयस ना?"